गाईला गाळ म्हणणारी मुलगी

आमच्या मूर्तिजापूरकडे ळ नाही. पूर्वी होता. माझ्या आज्याच्या काळात पूर्णेला असा पूर आला की बैल, कणग्या आणि एक न्हावी यांच्यासोबत पंचक्रोशीतले सगळे ळ वाहून गेले. लोक काठावर उभे राहून बघत राहिले. कुणाच्या डोळ्यातला गेला, कुणाच्या केळ्यातला. न्हावी तिसऱ्या गावात सापडला, ळ सापडले नाहीत. त्या दिवसापासून आम्ही डोळ्याला डोया म्हणतो, केळ्याला केय म्हणतो आणि शाळेला शाया. य शेजारीच रिकामा बसला होता, तो लावला आणि काम चालवलं.

वाहून गेलेले ळ कुठे अडकले हे मला पुण्यात आल्यावर कळलं. इथे रस्ता विचारला तर माणूस म्हणतो, "टिळक रोडला वळा आणि सरळ चालू लागा." एका वाक्यात तीन ळ, आणि तोंडावर खर्चाची चिंता नाही. पूर्णा पुण्याकडे येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण ळ पोहतो. त्याचा आकारच बघा ना, दोन्ही बाजूंना भोपळे बांधल्यासारखा.

मी रतन. एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. मुलगा आनंद खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे, आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये आम्ही चौघं राहतो: आनंद, सून आम्रपाली, मी आणि सहा वर्षांची व्हायला आलेली नात. तिचं नाव अपेक्षा. घरात अपेक्षा एकच, पण तिच्याकडून मात्र घरभर.

ती माझ्याशी वऱ्हाडी बोलायची, शेजारच्या पोरांशी हिंदी आणि शाळेत इंग्रजी. म्हणजे आम्ही असं समजत होतो. मग एक दिवस टीचरनं आम्रपालीला बोलावून घेतलं. मी फाटकाजवळ उभा होतो, पण टीचरचा आवाज शाळेच्या घंटेसारखा होता.

"मॅडम, अपेक्षा क्लासमध्ये बोलतच नाही. बोलली तर प्रोनन्सिएशन क्लिअर नाही, सेंटेन्स अर्धं. मराठीच्या तासाला ळ म्हणता येत नाही, ण म्हणता येत नाही. लँग्वेज डिसऑर्डर असू शकते. असेसमेंट करून घ्या. आणि तोपर्यंत घरात एकच लँग्वेज ठेवा. प्रेफरेबली इंग्लिश."

आमच्या घरात इंग्रजी येणारी माणसं दीड. आम्रपाली एक, आनंद अर्धा. माझ्याजवळ ब्रेक, गिअर, रिव्हर्स, पंक्चर आणि ओव्हरटेक एवढाच माल. एवढ्यावर नातीशी संसार कसा करायचा?

"बाबा," घरी आल्यावर आम्रपाली म्हणाली, "रिपोर्ट येईपर्यंत तिच्याशी वऱ्हाडी बोलायचं नाही. शुद्ध बोला. नाही जमलं तर बोलू नका."

"अन रिपोर्ट आल्यावर?"

तिनं आनंदकडे बघितलं. आनंद बुटाची लेस बांधत होता. खाली बघतच म्हणाला, "त्यात काही निघालं, तर तुम्ही काही दिवस ताईकडे अकोल्याला जाल का? म्हणजे तिचं एका भाषेत बस्तान बसेल."

लेस बांधून झाली तरी तो वर बघेना. मी समजलो. रिपोर्टात दोष निघाला, तर मीच तो दोष.

आम्रपालीबद्दल राग धरू नका. ती एम.ए. झालेली पोर. पुण्यात आली तेव्हा शाळेच्या पहिल्याच पालकसभेत उठून म्हणाली, "मी अपेक्षाची आई, शायेत पहिल्यांदा येऊन राहिली." दोन बायका नुसत्या हसल्या. वाईट काही बोलल्या नाहीत; बोलल्या असत्या तर बरं, निदान उत्तर देता आलं असतं. तेव्हापासून ही बाहेर जाताना साडीला करते तशी जिभेला इस्त्री करते. नवऱ्याशी भांडतानाही शुद्ध भांडते. आनंद बिचारा अर्धं भांडण समजून घेण्यातच हरतो. फक्त दमली की तिची इस्त्री मोडते.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. आम्रपाली हातात केळं धरून अपेक्षेसमोर बसायची.

"हे काय?"

"केय."

"केय नाही. जीभ वर ने, मागे वळव. ळ. केळं."

"केळं."

"शाब्बास. आणि हा? डोया नाही, डो…?"

"डोळा."

पोरगी हुशार. दोन दिवसांत तिनं नियम काढला: जिथं जिथं तोंडात य येतो, तिथं आपलं चुकतं. मग तिनं घरातले सगळे य उपटले आणि तिथं ळ लावले. सकाळी माझ्यासाठी चायचा कप धरून आली आणि म्हणाली, "आबाजी, चाळ घ्या." दुधावरच्या सायीची साळ झाली. खेळताना ठेच लागली तर म्हणाली, माझा पाळ दुखतो. खिडकीतून रस्त्यावरची गाय दाखवून म्हणाली, "गाळ आली." दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये चाळ उभी राहिली, साळ पिकली आणि दारात गाळ रवंथ करू लागला.

मी हसलो. आम्रपाली हसली नाही. तिनं मान दुसरीकडे वळवली, आणि ते पोरीनं पाहिलं. त्यानंतर अपेक्षेनं बोलणंच बंद केलं. काही हवं असलं की बोट दाखवायची. मी जिना उतरायचो, चढायचो, परत उतरायचो. तोंडात गोष्ट घोळायची आणि ऐकणारी समोर बसलेली, पण बोलायचं नाही. घाटात मागे गाड्यांची रांग लागावी आणि हॉर्न वाजवायला बंदी असावी, तसं झालं होतं मला.

तपासणीची वेळ मिळाली ती कात्रजला, डेअरीच्या पुढच्या एका दवाखान्यात. खडकीहून कात्रज म्हणजे पुण्याचं एक टोक सोडायचं आणि दुसरं धरायचं. अपेक्षा माझा सदरा सोडेना, म्हणून मला न्यावं लागलं. आम्रपालीनं बसमध्ये चढतानाच सांगितलं, "तिथे तुम्ही काही बोलायचं नाही."

दवाखान्यात टेबलामागे शैलाताई म्हणून एक बाई बसल्या होत्या. मी एकदा दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

"आजोबा, बसा. फेऱ्या मारल्याने नंबर पुढे सरकत नाही. फरशी झिजते फक्त."

"बाई, मी एसटीचा ड्रायव्हर. बसलो का गाडी चालू व्हावी लागते. नाही झाली तर मले उतरून ढकलावं वाटते."

"इथे ढकलण्यासारखं काही नाही. पाणी तिकडे आहे. प्यायल्यावर पेला जागेवर ठेवा."

आम्रपालीनं माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी न पिताच पेला जागेवर ठेवला.

आत श्रद्धा मॅडम होत्या, मुलांचं बोलणं तपासणाऱ्या. वय आमच्या आम्रपालीएवढंच, बोलणं सावकाश. आधी अपेक्षेचे कान तपासले. कान ठणठणीत. मग काही खेळ, ठोकळे, कोडी. त्यातही पोरगी चटपटीत. मग आम्रपालीला विचारलं, "घरात कोणत्या भाषा बोलता आपण?"

"शुद्ध मराठी," आम्रपाली म्हणाली. "आणि इंग्लिश."

"आजोबासुद्धा?"

"सगळेच."

मी छताकडे बघितलं. पंख्याला तीन पाती होती. मी ती पुन्हा पुन्हा मोजली, चौथं निघतं का म्हणून.

मॅडमनी चित्रं काढली. अपेक्षेनं आधी आईकडे पाहिलं, मग चित्राकडे.

"हे काय आहे, बाळा?"

"केय." मग घाईघाईनं, "केळं."

"आणि हे?"

गाय होती. पोरीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "गाळ."

"हे?"

"पाळ."

मॅडमचं पेन कागदावर घुटमळलं. "मघाशी ळ ऐवजी य आला. आता य ऐवजी ळ येतोय," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "ज्या मुलाला ळ जमत नाही, ते जिथे नको तिथे ळ घालत नाही. हे मला कळत नाहीये." मग आम्रपालीकडे वळून म्हणाल्या, "नीट आठवून सांगा. घरात, नात्यात, कुणीच केय म्हणत नाही?"

"नाही," आम्रपाली म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मग मला हा उच्चाराचा दोष धरावा लागेल. आणि मराठीतही अडतेय, इंग्रजीतही, तर पुढचं—"

पुढचं म्हणजे अकोला. माझे पाय आपोआप हलायला लागले, जसे क्लचवर हलतात. बोलू का? बोललो तर सुनेला तिच्या वयाच्या बाईसमोर खोटं पाडलं, असं झालं असतं. नाही बोललो तर पोरगी उद्यापासून माझ्याशी "हॅलो ग्रँडपा" एवढंच बोलली असती.

अपेक्षेला मात्र आमचं काही देणंघेणं नव्हतं. ती टेबलाखाली ठोकळा शोधायला वाकली होती. उठताना टेबलाचा कोपरा तिच्या भिवईला लागला आणि तिनं भोकाड पसरलं.

"अवो माय," आम्रपाली खुर्चीवरून उठली, "डोयाले लागलं का वो? पाहू दे. डोया उघड. माया जवय ये."

पोरीचं रडणं थांबलं. आईच्या तोंडून हे ऐकायला मिळाल्याच्या आश्चर्यानंच थांबलं असावं.

"डोयाले," श्रद्धा मॅडम म्हणाल्या. "जवय."

आम्रपाली खाली बसली. पदराशी चाळा करत म्हणाली, "आम्ही अकोल्याकडचे. घरी असंच बोलतो. गेले काही दिवस सोडून."

मला वाटलं आता पुणेरी टोला येणार. मॅडमनी फक्त पानाचा वरचा भाग आडवी रेघ मारून खोडला.

"म्हणजे हिचा य बरोबर आहे, आणि ळ तुम्ही शिकवलात. गाय बिचारी उगाच गाळात गेली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजोबा, आपण मघापासून पंखा मोजताय. आता इकडे या. सगळं पुन्हा सुरू करू. तुमच्या बोलीत. विचारणार तुम्ही."

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी सुटून शैलाताईंच्या टेबलापर्यंत गेली असावी. मी मनात अकोल्याची गाडी डेपोत परत लावली.

"एक समजून घ्या," मॅडम म्हणाल्या. "मूल दोन-तीन भाषांत वाढतं तेव्हा प्रत्येकीत थोडं कमी-जास्त असतंच, ते चालतं. पण खरोखर अडचण असेल तर ती सगळ्या भाषांत दिसते. घरच्या भाषेतसुद्धा. म्हणून मला ती ऐकायची आहे. तिला ठाऊक असलेली एखादी गोष्ट तिच्याकडून काढा."

ठाऊक असलेली म्हणजे माझ्या एसटीची. पूर्णेला पूर होता, पूल बुडाला, आणि माझी गाडी प्रवाशांसकट वाहत अकोल्याला वेळेच्या आधी पोचली. वाटेत मासे चढले. कंडक्टरनं त्यांना अर्धं तिकीट दिलं. एका माशानं पैसे नाहीत म्हटल्यावर त्याला पुढच्या थांब्यावर उतरवला. ही गोष्ट अपेक्षेनं माझ्याकडून इतक्यांदा ऐकली होती की ती सांगताना माझीच चूक काढील, असं मला वाटायचं.

"सांग वो बाई," मी म्हटलं. "पुरात आपली गाडी काय करून रायली होती?"

तिचे डोळे चमकले. "गाडी… पानी. गाडी पान्यात."

"मंग?"

"मासे आले. अन कंडक्टर… थे… थे फाडते थे…" थे म्हणजे आमच्याकडचं ते.

"तिकीट," मी म्हणालो.

"तिकीट. अन मासा… मासा पैसे… मासा…"

"माशाजवय पैसे नव्हते," मी म्हणालो, "अन मंग त्याले कुठी उतरवलं?"

"आजोबा," मॅडम म्हणाल्या, "ही गोष्ट मला ऐकायची आहे, पण तिच्याकडून."

"मी नुसतं तोंडी लावाले देऊन रायलो."

"ताट तुम्हीच वाढताय आणि घासही तुम्हीच भरवताय. आता थोडं थांबा."

मी तोंड मिटलं. अपेक्षा माझ्याकडे बघत होती, पुढचा शब्द माझ्या तोंडातून खाली पडायची वाट बघत असल्यासारखी. तो पडला नाही. "मासा गाडी… गाडीत. मासा नाई. मासा…" तिनं हातानं काहीतरी फेकून दाखवलं. माशाला उतरवलं, हे मला कळलं. पण ते मला आधीच ठाऊक होतं, म्हणून कळलं.

मॅडमनी दुसरा खेळ काढला. कुठल्याच भाषेत नसलेले शब्द त्या म्हणणार आणि पोरीनं तसेच म्हणायचे.

"खोटे शब्द?" मी म्हटलं. "बाई, तो आमचा घरचा धंदा आहे."

"बरं झालं. मग वारसदार बघू. अपेक्षा, म्हण, मुफा."

"मुफा."

"तिमुडा."

"तिमुडा."

"लमुटीफा."

"लमु… लफा."

"गेपिरोदमा" वगैरे पुढचे तर तिनं अर्ध्यातच सोडले. शब्द लांबला की शेपूट तुटायची. यात ना वऱ्हाडी होती, ना पुणेरी, ना इंग्रजी. कुणावर ढकलायला काही उरलं नव्हतं.

मॅडमनी आम्रपालीला विचारलं, "तुमच्या गावाकडे या वयाची मुलं कशी बोलतात? तुमच्या बोलीत. अगदी खरं सांगा, कारण हे मला पुस्तकात सापडणार नाही."

या वेळी आम्रपालीनं वेळ घेतला. "माझ्या बहिणीची मुलगी हिच्याहून लहान आहे. ती अख्ख्या गल्लीशी भांडते. कोण काय म्हणालं, मग आपण काय म्हणालो, सगळं ओळीनं सांगते." तिनं अपेक्षेकडे बघितलं. "ही तसं कधीच सांगत नाही. मला वाटायचं, शांत आहे."

"घरात ती अडली की काय होतं?"

आम्रपालीनं माझ्याकडे बघितलं नाही. तेवढी माणुसकी तिच्यात आहे. "कुणीतरी बोलून टाकतं," ती म्हणाली.

मग श्रद्धा मॅडमनी सांगितलं, आणि हातचं राखून काही ठेवलं नाही. पोरीला भाषा शिकण्याचीच अडचण आहे. बुद्धी नीट, कान नीट, पण शब्द आठवायला आणि वाक्य जुळवायला तिला इतर मुलांपेक्षा जास्त कष्ट पडतात. लवकर कळलं हे चांगलं. नियमित यावं लागेल, वर्षभर तरी.

मी जिंकायला आलो होतो. ळ सुटला आणि पोरगी अडकली. माझ्या पायांना आता पेडलही सापडेना.

"म्हणजे टीचर बरोबर होत्या," आम्रपाली म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला. "म्हणजे वऱ्हाडी बंद. इंग्लिशच ठेवायचं ना मग घरात? बाबांना आम्ही…" पुढचं तिनं गिळलं.

"टीचरचं अर्धं बरोबर होतं. अडचण आहे, पण ती तीन भाषांमुळे आलेली नाही. एक काढून घेतली तर अडचण तेवढीच राहील, बोलायला माणसं मात्र कमी होतील. आणि हिच्याजवळ सगळ्यात जास्त शब्द कुठल्या भाषेत आहेत ते आत्ता आपण पाहिलं. काम तिथूनच सुरू करायचं. शाळेला मी तसं लिहून देते, फोनही करते. आजोबा कुठे जाणार होते का?"

"नाई," मी म्हणालो. "मी कुठीच जात नसतो."

"मग रोज तिच्याशी बोला. वऱ्हाडीतच. गोष्टीही सांगा. पण तिचं वाक्य तिला पूर्ण करू द्या. ती अडली की थांबा."

"किती?"

"ती बोलेपर्यंत."

"बाई, त्यापेक्षा मले भरलेली गाडी उलटी घाटात चढवाले सांगा."

"ते शैलाताईंना विचारा, त्यांच्याकडे घाटाचीही वेळ मिळते," मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदाच थोडं हसल्या.

बाहेर आम्रपाली पाण्याजवळ उभी राहिली. पेला भरला, प्यायली नाही. अपेक्षा तिच्या पायाशी घुटमळत होती.

"बाबा," ती हळू म्हणाली, "मले वाटलं, एक ळ आला का सगयंच येईन."

माझ्याजवळ याच्यावर गोष्ट होती. ळच्या परतीच्या प्रवासाची, चांगली मोठी. माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली. मी तिच्या हातातला पेला घेतला आणि जागेवर ठेवला.

परतीची बस मार्केट यार्डाच्या अलीकडे अडकली. पुढे कांद्याचे ट्रक, मागे रिक्षा, मध्ये आम्ही. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. त्यानं काही होत नाही हे मी त्याला सांगू शकलो असतो. आम्रपाली आनंदला फोनवर सगळं सांगत होती, आणि अर्ध्या वाटेत तिचं शुद्ध संपलं. "नाई, कोनी कुठी जाऊन नाई रायलं," ती म्हणाली. "तुमी संध्याकायी लवकर या, मंग बोलू." शेजारची बाई वळून बघायला लागली. आम्रपालीनं आवाज कमी केला नाही.

अपेक्षा माझ्या मांडीवर होती. तिनं माझी बाही ओढली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. आमच्या शेजारी सिमेंटचा तो मोठा ट्रक उभा होता, पाठीवर गोल पिंप फिरवणारा.

"आबाजी. थे…"

मी थांबलो.

"थे गाडी… थे…"

आजवर या जागी मी तिला सांगून मोकळा झालो असतो की ही गाडी गरोदर आहे, हिला संध्याकाळपर्यंत चार रिक्षा होणार आहेत. तोंडात पाणी सुटलं होतं. मी दातांनी जीभ धरली. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, बस धक्का देऊन एक हात सरकली आणि पुन्हा थांबली. ट्रक तिथेच. पोरीच्या भिवईवर टेंगूळ आलं होतं, आणि त्याच्या खालचा डोळा त्या पिंपावरून हलत नव्हता. मला घाम फुटला. आम्रपालीनं फोन कानापासून बाजूला केला.

"तिचं…" अपेक्षा म्हणाली. "तिचं पोट."

आम्ही दोघंही गप्प.

"गाडी उभी. अन पोट… तिचं पोट फिरून रायलं."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, पुढचं मी बोलतो का म्हणून. मी बोललो नाही. मग ती पुन्हा खिडकीकडे वळली, कारण तिचं अजून संपलं नव्हतं.